मूल कोठे शिकेल, हे कोणी ठरवायचे?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते आणि बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गुरुजींना हजेरी घेताना एकामागून एक गैरहजेरी मांडावी लागते. मुले आजारी नसतात. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात आणि पुन्हा दिसतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. सरकार म्हणते, मूल शाळेत हवे. आईबाप म्हणतात, ते आमच्याजवळ हवे. हा वाद नव्या कायद्याने निर्माण केला असे आपल्याला वाटते. पण याच जिल्ह्यात तो पूर्वी अगदी उलट्या बाजूने झाला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अंबाजोगाईचे सरकारदप्तरी नाव होते मोमिनाबाद. सरकारी शाळा थोड्या होत्या आणि वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकवण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून पाठ्यपुस्तके तयार केली गेली. त्याचे श्रेय नाकारू नये. अडचण एवढीच की मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य घरांत ती भाषा बोलली जात नव्हती.

तेव्हा लोकांनी आपल्या शाळा आपण काढायचे ठरवले. त्यावर सरकारने १९२० च्या दशकात खानगी शाळांचे नियम केले. पूर्वपरवानगीवाचून खासगी शाळा उघडायची नाही, हा त्यांचा गाभा. सभांनाही परवानगी लागे. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे शब्द मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पुढेही अनेक वर्षे होते. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. शाळा आणि सभा या दोन्हींकडे सरकार एकाच संशयाने पाहत होते. तो संशय निराधार होता असेही नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये अंबाजोगाईला आले, तेथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले, आणि १९३८ मध्ये शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व अशा रीतीने एका हेडमास्तरांकडे गेले!

म्हणजे त्या काळी आईबाप शिकवू पाहत होते आणि सरकार अडवत होते. आता संस्थानाच्या हद्दीबाहेर पाहू. तेथे प्रश्न उलटा होता.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यात मागणी होती. बडोद्याला सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. गरिबाच्या खिशाला तो रुपया जड होता. पण महाराजांच्या दृष्टीने घराची मोकळीक म्हणजे बहुतेक वेळा जातीने नेमून दिलेले काम. ती मोडायची तर सरकारने उंबरठा ओलांडलाच पाहिजे, असे हे धोरण होते.

गोखल्यांसमोर विलायतेतला १८७० चा कायदा होता. त्यात एक फट मुद्दाम ठेवलेली होती. मूल अन्य रीतीने योग्य शिक्षण घेत असेल, तर ते पालकाचे रास्त कारण मानावे. इंग्लंडमध्ये घरी शिकवणे आजही कायदेशीर आहे ते याच परंपरेने. जर्मनीत मात्र शाळेची सक्ती म्हणजे शाळेचीच सक्ती. तेथील काही पालकांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत दाद मागितली, पण २००६ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही.

आपल्याकडचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. त्याची दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम १० म्हणते, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. शाहू महाराजांचा हेतू येथे आहे, पण दंड नाही. कलम १८ म्हणते, मान्यतेवाचून शाळा चालवता येणार नाही. येथे मात्र दंड आहे, एक लाख रुपयांपर्यंत. नियमाचा साचा निजामी नियमाचीच आठवण करून देतो. हेतू वेगळा आहे हे मान्य, तरी मराठवाड्यातल्या शिक्षकाने हे कलम वाचताना जरा थबकावे असे मला वाटते. घरच्या शिक्षणाचा या कायद्यात उल्लेखच नाही. शहरांतली काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना घरी शिकवतात आणि पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देववतात. त्यांना कोणी हटकत नाही.

ऊसतोड कामगाराचे मूलही सहा महिने आईबापांजवळच असते. कोपीत राहून ते वाढे बांधायला शिकते, पहाटे गाडी भरताना हात लावते. याला कोणी गृहशिक्षण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कारण ही निवड पालकांची नसते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवराबायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो. दंड न ठेवण्यात कायदा शहाणा ठरला तो येथे. ज्याच्या हाती निर्णयच नाही, त्याला दंड करून काय होणार?

म्हणून उपाय वेगळा निघाला. गावातल्या शाळेतच हंगामी वसतिगृह चालवायचे, आणि मुलांनी तेथे जेवायचे व गावातच आजी-आजोबांजवळ राहायचे. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आली. मुले त्यामुळे मागे राहू लागली, पण सगळी नाही. घरात दोन वर्षांचे मूल असले की आई त्याला सोबत नेते, आणि ती फडात असताना त्याला सांभाळायला थोरली मुलगी लागते. कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो, म्हणून धाकट्याची सोय कोणावरच बंधनकारक नाही. त्यामुळे दिवाळीनंतर पाचवी-सहावीच्या वर्गात गैरहजेरी मांडताना पाहावे की त्यांत मुली किती आहेत, आणि त्यांच्या पाठीवर सहा वर्षांखालचे भावंड आहे का.