एस्प्रेसो यंत्राचा इतिहास : दाब आणि तापमान यांची फारकत

घरासाठी एस्प्रेसो यंत्र घेऊ पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो : अर्धस्वयंचलित की स्वयंचलित? प्रश्न सोयीचा आणि किमतीचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक जुना भौतिकशास्त्रीय पेच आहे.

१८८४ मध्ये तुरीनच्या अँजेलो मोरिओन्दो यांनी वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी एकेका कपापुरती कॉफी काढण्याची रचना केली. वाफेच्या यंत्रांची अडचण एकच होती. बंद बॉयलरमध्ये वाफेचा दाब आणि तिचे तापमान एकमेकांना बांधलेले असतात. वातावरणाहून १.५ बार अधिक दाब हवा, तर पाणी सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. ९ बारसाठी जवळजवळ १८० अंशांपर्यंत. कॉफीचा चांगला अर्क मात्र ९० ते ९६ अंशांच्या आसपास उतरतो. दाब वाढवावा, तर कॉफी करपते.

ही गाठ सोडवली अकिले गाज्जा यांनी. त्यांच्या १९४७ च्या पेटंटमधील यंत्रात तरफ ओढून स्प्रिंग दाबली जाई आणि ती मोकळी होताना दट्ट्या गरम पाणी कॉफीतून ढकलत असे. दाब आता वाफेचा नव्हता, स्प्रिंगचा होता. या मोठ्या दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कपात येताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागला आणि कॉफीवर तपकिरी फेसाचा थर दिसू लागला. हाच ‘क्रेमा’.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई६१’ यंत्राने स्प्रिंगची जागा विजेच्या पंपाला दिली. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याचे नाव पडले. दाब पंपाने द्यायचा, पंप सुरू आणि बंद मात्र माणसाने करायचा, ही आजच्या अर्धस्वयंचलित यंत्राची रीत. पुढे प्रवाहमापक आला आणि ठरलेले पाणी गेल्यावर पंप आपोआप थांबू लागला. १९८५ मध्ये साएको कंपनीने घरगुती यंत्रातच दळण्यापासून कप भरण्यापर्यंतची सारी कामे आणली. बाजारात ‘स्वयंचलित’ म्हणून बहुधा हेच यंत्र दाखवले जाते.

आपल्याकडे लग्नसमारंभांत ‘एस्प्रेसो’ म्हणून मिळणारी फेसाळ कॉफी या वंशातली नव्हे. तेथे वाफ केवळ दूध तापवते आणि फेसाळते.

दाबाचा प्रश्न सुटला, तरी दळणाचा उरला. १८५६ मध्ये आंरी दार्सी यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला, त्याच धर्तीवर कॉफीतील प्रवाहाचा विचार करता येतो : दळण जितके बारीक, तितका प्रवाह मंद. पण २०२० मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवले, की दळण फार बारीक केले तर पाणी सर्वत्र सारखे जात नाही, अर्क कमी उतरतो आणि प्रत्येक कप वेगळा निघतो. थोडे जाडसर दळण आणि कमी कॉफी यांनी चव अधिक स्थिर राहते.

म्हणून निवडीचा खरा निकष एवढाच : कोणती चले स्वतःच्या हाती ठेवायची? रोज सारखाच कप हवा असेल आणि सवड नसेल, तर स्वयंचलित यंत्र योग्य. दळण, वजन आणि वेळ बदलून परिणाम पाहण्याची हौस असेल, तर अर्धस्वयंचलित; मात्र पैसे चांगल्या ग्राइंडरसाठीही राखून ठेवावेत. दळण जमले नाही, तर ९ बारचा दाबही कॉफी सुधारू शकत नाही.