‘तुमच्या शब्दांत लिहा’ : एका प्रश्नाचा इतिहास



सहली आणि गॅदरिंगच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी विषय घेतला आहे मराठीच्या तासाचा. प्रत्येक धड्याखाली एक प्रश्न हमखास असायचा : ‘तुमच्या शब्दांत लिहा.’ त्यातले ‘तुमचे’ शब्द नेमके कोणाचे?

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील शाळांसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. त्यांच्या भाषेवर मेजर थॉमस कँडी यांची नजर असे. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. पुस्तकांची ही मराठी पुण्याच्या शिष्ट वळणाची होती. पुढे लंडनहून शिक्षणाची पदविका घेऊन आलेल्या आचार्य अत्र्यांनी 1930 च्या दशकात ‘नवयुग वाचनमाला’ काढली आणि मुलांच्या आवडीचे जग धड्यांत आणले. 1967 साली ‘बालभारती’ स्थापन झाली, 1971 साली ‘किशोर’ मासिक निघाले. पुस्तके मुलांच्या जवळ येत गेली. बोली मात्र बहुधा वर्गाबाहेरच राहिली.

आपल्या खानदेशात या गोष्टीला दोन मोठे अपवाद आहेत. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. मुलांना वाचायला लावायचे तर त्यांच्या रोजच्या जगण्यातले काही लिहून द्यावे, हे त्यांनी कृतीने दाखवले. दुसऱ्या बहिणाबाई चौधरी. आसोद्याच्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या निधनानंतर 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. शाळेची वाचनमाला करणाऱ्या माणसानेच निरक्षर बाईची कविता ओळखली! अक्षर वाचता येणे आणि अर्थ कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता आपला वर्ग. बाहेर आग्रा रोडची वर्दळ, गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारे हातोडे, घरी अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. गाइडमधले उत्तर पाठ केले की गुण मिळत. आपल्या बाई मात्र ते उत्तर ऐकून घेत आणि म्हणत, “आते आपली भाषामा सांग.” अडखळत, हसत आपण सांगायचो. ज्याला धडा कळला नसेल तो तिथेच उघडा पडे. मग तेच प्रमाण मराठीत लिहायचे, आणि लेखकाने हाच शब्द का निवडला ते शोधायचे. रसग्रहण आपण असे शिकलो.

सॉफ्टवेअरच्या कामात मी नव्या मुलांकडून हेच करून घेते. ग्राहकाची मागणी वाचा आणि कागद बाजूला ठेवून मला सांगा. ज्याला सांगता येत नाही त्याला ती कळलेली नसते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने घरच्या भाषेला वर्गातले साधन मानले. आता कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ही आले. पण घरी अहिराणी बोलले की ओरडा खाणारी मुले आज आपल्याच घरांत आहेत. त्यांचे ‘स्वतःचे शब्द’ आपणच काढून घेतले, तर ती उत्तर लिहिणार कशात?

स्नेहमेळाव्यात शाळेच्या निधीचा विषय निघेल. बाके आणि संगणक जरूर द्यावेत. सोबत आठवड्यातून एक तास धडा अहिराणीत सांगण्यासाठी मागून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. त्याला पैसे लागत नाहीत. सांगायला आपण आणि ऐकायला मुले, एवढे पुरे.