मुलाम्याची किंमत

'मुलामा' हा शब्द मूळचा अरबी. आम्ही कवी तो खोटेपणासाठी वापरतो. कारागिरांनी त्याची खरी किंमत मोजली. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून धातूवर फासत आणि विस्तवावर पारा उडवत. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चर्चचा घुमट असा मढवताना पाऱ्याच्या वाफेने ६० कामगार दगावल्याचे सांगतात. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. पारा मागे पडला, सायनाइड आले. त्यात आम्ल मिसळले की प्राणघातक वायू निघतो. आज टाक्या प्लास्टिकच्या. द्रावण आटून हीटर उघडा पडला की पेट घेतात. विझवायचे पाणीही विष घेऊन गटारात उतरते. द्रावण घटताच वीज तोडणारा साधा स्विच असतो. मालकांनो, तेवढा तरी बसवा. जीव त्याहून स्वस्त नाही.