मालीखोलिया आणि मेलँकोलिया : एका ग्रीक शब्दाच्या दोन वाटा

नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी आज ‘मेलँकोलिया’ म्हणतो. निजामाच्या काळात याच मुलखातील यूनानी हकिमांच्या परंपरेत त्या विकाराचे नाव ‘मालीखोलिया’ होते. दोन्ही रूपे एकाच ग्रीक शब्दाची.

मूळ शब्दाचे घटक तीन. ‘मेलान’ म्हणजे काळे, ‘खोले’ म्हणजे पित्त, आणि शेवटी अवस्थादर्शक ‘इआ’. शरीरात काळे पित्त वाढले की मन खचते, अशी ही समजूत. (‘कोलेस्टेरॉल’मधील ‘कोले’ हेच पित्त, तो पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडला.)

उच्चार पाहा : मे-लं-खो-ली-आ, आघात ‘ली’वर. प्राचीन ग्रीकातील ‘खी’ हा वर्ण आपल्या ‘ख’सारखा महाप्राण होता आणि त्याआधीचा अनुनासिक ‘शंख’मधल्यासारखा ‘ङ्’. देवनागरीला हा उच्चार मुळीच जड नाही. लॅटिनमार्गे इंग्रजीत जाताना मात्र ‘ख’चा ‘क’ झाला आणि आघात ‘को’वर आला.

दुसरी वाट बगदादची. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक व त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले. अरबीत ‘मालनखूलिया’ आणि ‘मालीखूलिया’ अशी दोन्ही रूपे आढळतात. लेखनात त्यांच्यातील फरक केवळ नुक्त्यांचा : ‘नून’ला वर एक, ‘ये’ला खाली दोन. लेखनिकाच्या बोरूने ‘न’ गिळला असावा, असेच दिसते. काळ्या पित्ताला अरबीत नाव मिळाले ‘सौदा’, म्हणजे काळी. बाजारातला सौदा वेगळा. पण उर्दूत ‘सौदाई’ म्हणजे वेडा, तो या पित्तामुळेच.

आता हैदराबाद संस्थान. नांदेड हा तेथील जिल्हा, तर लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, ते उर्दू माध्यमाचे. पाठ्यपुस्तकांसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग होता आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. भारतीय भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग खरोखर मोठा होता. परंतु मराठवाड्यातील बहुसंख्यांच्या घरात मराठी होती. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मराठी मुलाला आधी उर्दू आत्मसात करणे भाग होते. ही सल संस्थानातील असंतोषात मिसळत गेली.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानाची सत्ता संपली. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, मराठी नव्हे. ‘मालीखोलिया’ वैद्यकीय महाविद्यालयांतून गेला, तरी यूनानी अभ्यासक्रमात तो आजही शिकवला जातो, त्या हरवलेल्या ‘न’शिवाय.