वेषांतर आणि गावाचा फलक

बॅरोनेस ऑर्झी यांचा जन्म हंगेरीतला. लहानपणीच घरच्यांबरोबर त्यांनी मायदेश सोडला. पुढे इंग्लंडमध्ये राहून, जन्माची नसलेल्या इंग्रजीत त्यांनी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही कादंबरी लिहिली. ती १९०५ साली प्रसिद्ध झाली आणि गुप्त नावाने वावरणाऱ्या नायकांची जणू वाटच तिने घालून दिली.

काळ १७९२चा, फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा. पॅरिसच्या नाक्यावर पहारेकरी प्रत्येक गाडी तपासत असतात. एक म्हातारी गाडी हाकत येते आणि नातवाला देवी आल्याचे सांगते. पहारेकरी घाबरून मागे सरतात, गाडी सुटते. मागाहून कळते, की आत पळून निघालेले सरदार घराणे होते आणि गाडी हाकणारी म्हातारी म्हणजे खुद्द तो इंग्रज नायक! हाच सर पर्सी ब्लेकनी लंडनमध्ये कपड्यालत्त्याचा शौकीन, बावळट उमराव म्हणून मिरवतो. त्याचे खरे रूप प्रत्यक्ष पत्नीलाही ठाऊक नसते.

हा नाक्याचा प्रसंग वाचताना आम्हा येळ्ळूरकरांना १९८६चा जून आठवल्याशिवाय राहत नाही. कन्नड सक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला होता आणि बेळगावच्या वाटांवर कडक पहारा होता. तरीही शरद पवार पोलिसांची नजर चुकवून बेळगावात पोहोचले. छगन भुजबळ व्यापाऱ्याच्या वेषात शिरले, पकडले गेले आणि धारवाडच्या तुरुंगात गेले. त्या वेषांतराच्या गोष्टी आम्ही आजही रंगवून सांगतो. पण त्याच आंदोलनात नऊजण हुतात्मा झाले. त्यांच्यापाशी खोटी दाढी नव्हती की दुसरे नाव नव्हते. ते आपल्याच गावात, आपल्याच चेहऱ्याने उभे होते. त्यांची गोष्ट सांगताना मात्र आमचा आवाज खाली येतो.

आमच्या गावाची तऱ्हाही अशीच, उघडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तरी राजहंसगडाच्या पायथ्याच्या आमच्या येळ्ळूरने वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक लावून आपले मन जगजाहीर केले. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तो हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, पुन्हा तो काढला गेला. लाठ्या बसल्या, खटले झाले.

ऑर्झीबाईंचा नायक नाव लपवून इतरांचे प्राण वाचवतो आणि काम झाले की वेष उतरवून घरी परततो. गावाला ती सोय नाही. त्याला रोज त्याच नावाने, त्याच भाषेत उठावे लागते.

पोटापाण्यासाठी परमुलखात स्थिरावलेल्या आपल्या घरांतही थोडेफार वेषांतर शिरतेच. बाहेर वेगळी भाषा, मुलांशी वेगळी. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. मात्र घराचा उंबरा ओलांडला की तो वेष खुंटीला टांगावा, एवढेच या गणेशोत्सवात आम्ही एकमेकांना सांगू. नाहीतर आत कोण लपले होते, हे आपल्याच नातवंडांना कधी कळायचे नाही.