सबवूफरची पेटी किती लिटरची? एका प्रश्नाचा इतिहास

गाडीच्या डिक्कीत सबवूफर बसवून देणाऱ्या कुणालाही विचारा. पेटी लहान केली की आवाज 'टाइट' होतो आणि मोठी केली की 'खोल' जातो, असं तो सांगेल. हे बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? ३० लिटरची पेटी एका स्पीकरला ऐसपैस होते आणि दुसऱ्याचा जीव घुसमटवते, असं का? हा प्रश्न नीट मांडायलाच ध्वनिशास्त्राला साडेतीन दशकं लागली. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासाठी आज तीच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात चल कसे निवडावेत याचा मोठा धडा आहे.

सुरुवात १९२५ पासून करू. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पूर्वज मांडला: चुंबकात हलणारं तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी पडदा. अडचण अशी की पडदा पुढे सरकून हवा दाबतो, त्याच वेळी मागे हवा विरळ होते. खर्जातल्या लांब लहरी पडद्याच्या कडेने वळून मागच्या लहरींना भेटतात आणि दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. म्हणून मध्ये आडोसा लागतो. पेटी आली ती या आडोशाच्या रूपात. तिच्या आतल्या हवेकडे बघितलं जायचं ते एक उपद्रव म्हणून, कारण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला मोकळेपणी हलू देत नाही. उपाय सरळ होता, पेटी मोठी करा. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरास यांनी पेटीला भोक ठेवून मागची लहर कामाला लावली (त्यांचं पेटंट १९३२चं), पण चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी हवी ही समजूत कायम राहिली.

१९५४ मध्ये एडगर विलचर यांनी प्रश्न उलटा केला. पडदा जागेवर धरून ठेवणारं सस्पेन्शन ताणलं की सम प्रमाणात वागत नाही आणि आवाज विकृत होतो. बंद पेटीतल्या हवेची स्प्रिंग मात्र त्यापेक्षा बरीच समप्रमाणी असते. मग सस्पेन्शन मुद्दाम ढिलं ठेवलं आणि मुख्य स्प्रिंगचं काम हवेलाच दिलं तर? हवेची स्प्रिंग पुरेशी ताठ हवी, तर पेटी लहानच पाहिजे! त्यांनी हेन्री क्लॉस यांच्याबरोबर अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि त्यांचा एआर-१ हा स्पीकर फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज देऊ लागला. जी हवा तोवर अडचण होती, तीच आता यंत्राचा भाग झाली.

तरी 'किती लहान?' याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर अजून नव्हतं. ते ऑस्ट्रेलियातून आलं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवलं की स्पीकर आणि पेटी मिळून एक विद्युत फिल्टर समजता येतो. फिल्टरचं गणित तर आधीच तयार होतं. पण त्यांचा निबंध ऑस्ट्रेलियातल्या एका स्थानिक नियतकालिकात आला होता आणि बाहेरच्या फार थोड्यांनी तो वाचला. सिडनी विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी तो धागा उचलला. १९७१ मध्ये थील यांचा निबंध अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला आणि १९७२-७३ मध्ये त्याच जर्नलमध्ये स्मॉल यांची लेखमाला आली. आज स्पीकरच्या खोक्यावर छापलेले आकडे 'थील-स्मॉल पॅरामीटर' म्हणून ओळखले जातात ते यामुळे.

यातला एक आकडा आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे: व्हीएएस. सस्पेन्शन किती ताठ आहे हे तो लिटरमध्ये सांगतो. व्हीएएस ९० लिटर म्हणजे, त्याच पडद्यामागे ९० लिटर हवा कोंडली तर ती सस्पेन्शनइतकीच ताठ लागेल. आता स्पीकर आणि पेटी दोघंही एकाच मापात आले. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. स्पीकरची मूळ अनुनाद-वारंवारिता आणि त्याचा 'क्यू', म्हणजे तो किती घुमतो याचं माप, दोन्ही तेवढ्या पटीने वाढतात.

करून बघा. अनुनाद ३० हर्ट्झ, क्यू ०.४, व्हीएएस ९० लिटर. बंद पेटी ९० लिटरची घेतली तर पट १.४१ येते, अनुनाद ४२ हर्ट्झ, क्यू ०.५७. ३० लिटरला पट बरोबर २. ६० हर्ट्झ आणि ०.८. १० लिटरला ३.१६, ९५ हर्ट्झ आणि १.२६. क्यू ०.७ च्या आसपास असेल तर आवाज सपाट राहतो. १.२६ ला ११५ हर्ट्झच्या आसपास जवळपास ३ डेसिबलचा उंचवटा येतो आणि त्याखालचा खर्ज गळून पडतो. प्रत्येक गाण्यात एकच 'धुम्म' ऐकू येतो, तो हा. म्हणजे लहान पेटी नेहमी टाइट वाजते हेही खरं नाही. सगळं त्या गुणोत्तरावर आहे.

इथे लोभ सुटतो: पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाजही मोठा, असं तिन्ही मिळेल का? नाही. जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा 'लोखंडी नियम' सांगतो की यातलं एक सोडावंच लागतं. स्मॉल यांच्या गणितात त्याचं नेमकं रूप दिसतं: कार्यक्षमता पेटीच्या आकारमानाच्या सम प्रमाणात आणि खालच्या वारंवारितेच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पेटी निम्मी करून खर्ज तेवढाच ठेवायचा तर वीज दुप्पट लागते. पेटी तीच ठेवून एक सप्तक खाली जायचं तर आठपट!

मग गाडीत छोट्याशा पेटीतून एवढा दणका कसा? नियम मोडलेला नसतो. साधारण पावणेतीन मीटर लांबीच्या केबिनमध्ये ६० हर्ट्झच्या खालची लहर मावतच नाही, त्यामुळे आतली हवा एकदमच दाबली जाते आणि वारंवारिता उतरेल तसा दाब वाढत जातो. आदर्श बंद केबिनमध्ये ही वाढ सप्तकामागे १२ डेसिबल. बंद पेटीची घटही तेवढीच. दोन्ही उतार एकमेकांना सावरून घेतात. खऱ्या गाडीत फटी असतात, पत्रा थरथरतो, म्हणून लाभ कमी मिळतो, पण मिळतो. उरलेली किंमत अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी भरतात.

तुमच्या आराखड्यासाठी यातून दोन गोष्टी घ्या. पूर्वसंशोधनाचा आढावा घेताना फक्त नामांकित जर्नलवर थांबू नका. स्मॉल तसे थांबले असते, तर हा धागा त्यांच्या हाती लागलाच नसता. आणि दोन गोष्टींचा संबंध शोधत असाल, तर आधी दोघींना एका मापात आणता येतं का ते बघा. 'आकाराचा आवाजावर परिणाम' हे शीर्षक झालं. 'व्हीएएस भागिले पेटीचे लिटर' हा संशोधनाचा प्रश्न झाला, कारण त्याचं उत्तर मोजता येतं आणि चूक असेल तर तेही दिसतं.