भांगातला रविवार

पहाटेचे साडेचार. अंगावर गोधडी, नाकात सुक्या बोंबलाचा वास. डोळे उघडण्याआधीच कळतं, आपण मुरब्यात आहोत. मोबाइल चाचपू नका, तो अजून यायचाय. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघा : १२ जानेवारी १९९२, रविवार, पौष शुद्ध सप्तमी. इथून कुणाला पत्र टाकायचं झालं तर पत्त्यात ‘जिल्हा ठाणे’ लिहा. पालघर जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडायचाय.

या घरात घड्याळं दोन. एक फडताळावर टिकटिकतं, दुसरं खाडीत भरतं आणि ओसरतं. चुलीपुढे बसलेल्या आईला विचारा, “पाणी कधी भरणार?” ती फडताळाकडे बघतही नाही.

“सप्तमी ना आज? मग सातची पाऊणपट कर.”

शाळेत पाऊणकी पाठ करायचा कंटाळा केला असेल तर इथे अडाल. सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण भरती. संध्याकाळी तीच, थोडी उशिरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही.

पाचला दादा उठतो. त्याची या आठवड्यात फर्स्ट, म्हणजे सात ते तीन. तारापूर एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात तो जिगर मशीनवर आहे. जिगर म्हणजे दोन रूळ आणि खाली रंगाची कुंडी. कापड एका रुळावरून दुसऱ्यावर जातं, मधे रंगात बुडतं, पुन्हा उलटं फिरतं. रंग पक्का बसेपर्यंत हीच ये-जा. दादाच्या नखांच्या कडा कायम निळसर असतात. वहिनी डब्यात तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील घालते, वर कांदा ठेवते.

“आज लक्षात आहे ना?” ती विचारते.

“तीनला सुटतो. सव्वाचारला थेटरवर,” दादा म्हणतो आणि सायकल काढतो.

एवढं काय लक्षात ठेवायचं, ते कळायला पुन्हा कालनिर्णयाकडे या. आता नीट बघा. वहिनीने दर सोमवारच्या चौकोनात पेन्सिलने एक अक्षर लिहिलंय : फ, से, ना. फर्स्ट, सेकंड, नाईट. तीन आठवड्यांनी चक्र पुन्हा पहिल्यावर येतं. काही चौकोनांभोवती गोल आहेत, ते भांगाचे.

भांग काय, ते बाबांकडून ऐका. ते अंगणात जाळं पसरून बसलेत, पायाच्या अंगठ्यात नायलॉनचा दोरा ताणून. डोल हे पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे. मासे जाळ्यात यायचे ते ओढीच्या जोरावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी धावतं, डोल फुगते, बोंबील-जवळा भरभरून येतो. अष्टमीच्या आसपास भांग लागतं, ओढ मंदावते, डोल लोंबकळते. “रिकामी डोल ओढायची कशाला?” बाबा म्हणतात. मग होड्या घरी आणि पुरुष जाळ्यांच्या भोकांवर.

आणि बायका? उधाणात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मासळी निवडायची, बोंबलांच्या जबड्यात जबडे अडकवून जोड्या करायच्या, बांबूंच्या मांडवावर दोऱ्यांना टांगायच्या, पाट्या भरून बाजार गाठायचा. त्या दिवसांत सिनेमाचं नाव काढलं तर आई नुसती बघेल, तेवढं पुरे होतं.

म्हणजे हिशेब असा. भांग दर पंधरवड्याला. दादाची फर्स्ट दर तीन आठवड्यांनी. सेकंडला तो रात्री अकराला सुटतो आणि नाईटच्या आठवड्यात दिवसभर झोपतो, त्यामुळे त्या दोन्ही पाळ्या बाद. भांग आणि फर्स्ट एकत्र यायचे ते साधारण सहा आठवड्यांनी एकदा. त्यात बोईसरला बघण्यासारखं काही लागलेलं हवं. आजच्या चौकोनात गोल आहे, या आठवड्याचं अक्षर फ आहे आणि थेटरला ‘माहेरची साडी’ आहे. विजय कोंडकेंचा हा चित्रपट १९९१ च्या सप्टेंबरात लागला. इकडे रिळांची पेटी यायला वेळ लागतोच.

सकाळ लांबते. शेजारी टीव्हीवर ‘चाणक्य’ लागलंय, दारात चपलांचा ढीग. अकराच्या सुमाराला खाडीवर जा. पाणी गेलंय, चिखल चमकतोय, होड्या एका कुशीवर कलंडल्यात. पलीकडे सातपाटी, पापलेटसाठी नावाजलेली. तिकडच्या हाका वाऱ्यावर इकडे येतात. उत्तरेला, किनाऱ्याने वर, तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. त्यानंतरच्या दशकात एमआयडीसी आली आणि होडीवरच्या घरांतली पोरं पंचिंगच्या रांगेत उभी राहिली. बापाचं घड्याळ चंद्रावर, पोराचं भोंग्यावर.

तीनला आई लुगडं बदलते, वहिनी ठेवणीतली पाचवारी नेसते, अंबाड्यात अबोलीचा गजरा. बाबा म्हणतात, “रडायला पैसे कशाला द्यायचे?” आणि सगळ्यांच्या आधी एसटीत जाऊन बसतात. एसटी भरलेली आहे. संक्रांत तोंडावर आलीय, तिळाच्या पुड्या मांडीवर आहेत.

बोईसर. थेटरपुढे लोखंडी नळ्यांच्या रांगा, बायकांची खिडकी वेगळी. वहिनी तुमच्या हातात पैसे देत नाही, स्वतः रांगेत घुसते. “भावजी, तुम्ही आईंजवळ थांबा. इथे बाईलाच लवकर मिळतं.” पाच तिकिटं घेऊन, घामेजून पण हसत बाहेर येते.

सव्वाचार वाजतात. साडेचार. पाच. दादा नाही. साडेपाचला त्याच्या खात्यातला एकजण सायकल थांबवतो. “वैनी, त्याचा रिलिव्हर आला नाही. बहुतेक डबल लागेल.”

पाळीचं हे कलम कुठल्याही कालनिर्णयात नसतं. तुमच्या जागी दुसरा आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. रंगात कापड अर्ध्यावर असताना तर नाहीच. एवढा कपडा डागी निघाला तर कुणाच्या पगारातून जाईल? फोन करायचा तरी कुठे? वहिनी काही बोलत नाही. पाचवं तिकीट ती डोअरकीपरच्या हातात देते. “निळ्या नखांचा माणूस येईल. त्याला आत सोडा.”

अंधार. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, लोक चुळबुळतात. मग अलका कुबल पडद्यावर येते आणि बायकांच्या बाजूला पदर सरसावले जातात. उषा नाडकर्णींच्या सासूने तोंड उघडलं की मागून शिव्या, त्याही मासळीबाजारातल्या, खणखणीत. तुमच्या एका बाजूला आई हुंदके देतेय. दुसऱ्या बाजूला बाबा, डोळ्यांत काही गेल्यासारखे. वहिनी मात्र दर दोन मिनिटांनी दाराकडे बघते. बॅटरीचा झोत हलला की मान वळते.

मध्यंतर. वडापावचा वास, सोड्याच्या बाटल्यांचे फटाफट आवाज. तेवढ्यात दारात डोअरकीपर एका माणसाचा पंजा बॅटरीखाली धरून बघतोय. दादा! रिलिव्हर तीन तास उशिरा आला. अंगाला रंगाचा उग्र वास, केस ओले. वहिनी अर्धा वडापाव त्याच्या हातात ठेवते.

“काय झालं आतापर्यंत?”

ती सांगू लागते, घाईघाईने, हातवारे करत. दिवे मालवतात. पुढचं रीळ फिरतं. पुढच्या दहा मिनिटांत दादाची मान तिच्या खांद्यावर. पहाटे पाचपासून जागा माणूस. इथे गारवा आहे, अंधार आहे, कुणी हाक मारत नाही. पडद्यावर सगळं थेटर रडवणारा प्रसंग येतो. वहिनीही रडते, पण खांदा हलू देत नाही. पदर दुसऱ्या हाताने ओढून डोळे पुसते.

नऊला बाहेर. शेवटची एसटी गेलेली. गावचा टेम्पो बर्फाच्या लाद्या घेऊन निघालाय, तो सगळ्यांना मागे चढवतो. गोणपाटावर बसा, खालून थंडी लागते. टेम्पो खड्ड्यांतून उसळतोय आणि वहिनी सिनेमा सांगतेय, पहिल्यापासून. आता मध्यंतरानंतरचंही.

“अगं, ते मी पाहिलं,” दादा म्हणतो.

“हो का? मग सांग, साडी कुणी दिली?”

आई तोंडाला पदर लावते. बाबा उघड हसतात. आता तुमच्या लक्षात येतं : लग्न झाल्यापासूनचे सगळे सिनेमे दादाने असेच पाहिलेत, निम्मे झोपेत आणि निम्मे बायकोच्या तोंडून. आणि त्याला विचारलंत तर तो म्हणेल, तिच्या तोंडचे जास्त चांगले.

घर. खाडी पुन्हा रिकामी, होड्या कलंडलेल्या. वहिनी कंदील धरून कालनिर्णयाचं पान उलटते. सहा आठवडे पुढे, २३ फेब्रुवारी. बोट तिथे ठेवते आणि थबकते. फर्स्ट आहे, पण भांग दोन दिवस पुढे सरकलंय. त्या रविवारी पाण्याला अजून ओढ असेल. ती पेन्सिलने गोल काढते, पण फिका.

उद्यापासून दादाची सेकंड, त्याला पहाटे उठायचं नाही. तो केव्हाच झोपलाय. आई चुलीवर राख ओढते आणि तुमच्याकडे न बघता विचारते, “उद्या अष्टमी. पाणी कधी भरेल?”

खिशाकडे हात जात नाही. आठ पाऊणे सहा.